पालथी करवंटी

"मॅडम, नट सापडला!"

हवालदार शशिकांत मिठागराच्या बांधावरून ओरडले आणि संजना शितप चपला हातात घेऊन चिखलातून धावत सुटली. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या आणि चूक कोणाची ते विमा कंपनीला लिहून द्यायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. एका जागी बसणं तिला लहानपणापासून जमलं नव्हतं. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या तिच्या शेजारणी म्हणायच्या, देवानं हिला पायाला भिंगरी बांधूनच पाठवलंय.

नट मुठीएवढा होता, काळा कुळकुळीत. काल, दसऱ्याच्या सकाळी, राई गावच्या निकेत पाटीलची लाल सारविनी याच रस्त्यानं उत्तनकडे निघाली होती. सारविनी म्हणजे इटलीची रेसची मोटारसायकल, अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये एकुलती एक. वळणावर तिचं मागचं चाक निखळलं. चाक मिठागरात गेलं, गाडी दगडांवर गेली आणि निकेत इस्पितळात गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

"या नटाला तारेची क्लिप असते," संजना म्हणाली. "नट ढिला झाला तरी ती त्याला गळू देत नाही. क्लिप कुठेय?"

"कालपासून चार माणसं शोधतायत. नाही मिळाली."

"आटे शाबूत आहेत. म्हणजे नट तुटला नाही, फिरत फिरत निघाला. क्लिप जागेवर नव्हतीच."

"मग प्रश्नच मिटला की," शशिकांत म्हणाले. "अष्टमीला टायर बदलला तो मोरव्याच्या रामनाथनं. एवढ्या मोठ्या नटाचा पानाही त्याच्या एकट्याकडेच. म्हातारा क्लिप लावायला विसरला. साहेब म्हणालेत, पाचपर्यंत तुमचा रिपोर्ट द्या, आम्ही त्याला उचलतो."

संजनानं नट उन्हात धरला. एका कोपऱ्यात ग्रीसला लाल डाग लागला होता. लाल गाडीचा लाल रंग, दुसरं काय असणार? तरी तिनं सवयीनं नख लावलं. रंगाचा पापुद्रा निघतो. हा डाग मात्र नखाखाली पिठासारखा पसरला.

तिनं नट पिशवीत टाकला आणि घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

---

रामनाथचं दुकान मोरवा गावात, घराच्याच पडवीत होतं. उभं आयुष्य होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं, आणि पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी बंद पडलेली परदेशी मोटारसायकल ढकलत दारात आणली, तेव्हापासून हा नाद लागला. गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक इटालियन भाषेत होतं. रामनाथ म्हणाला होता, अक्षरं वाचता येत न्हाईत, पन चित्रं समद्यांची सारखीच असत्यात.

आज तो स्टुलावर बसून होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"लिहा ताई," ती काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "माझ्याकडूनच ऱ्हायलं आसंल. मी सही करतो."

"असेल म्हणजे? क्लिप लावलीत की नाही?"

"लावली आसं वाटतं. पन आता वाटन्यावर इस्वास न्हाय." त्यानं हात बाहेर काढले. ते थरथरत होते. "सुटे भाग मी करवंटीत टाकतो. काम झालं, करवंटी रिकामी झाली, की ती पालथी घालतो. चाळीस वर्सांची सवय हाय. त्या दिशी पालथी घातली का, तेच आठवत न्हाय."

"क्लिप दुकानात सापडली?"

"समदं दुकान झाडून काढलं. न्हाय सापडली."

संजना उठून फेऱ्या मारू लागली. कोपऱ्यात खंडेनवमीची पूजा अजून तशीच होती. पाटावर पांढरं फडकं, त्यावर पाने, हातोडे, पकडी, सगळ्यांना हळदकुंकू, वर अक्षता आणि सुकलेला झेंडू. नवमीला हत्यारांना विश्रांती द्यायची आणि दसऱ्यानंतर उचलायची, ही रीत. पण अपघाताची बातमी आली आणि रामनाथनं हत्यारांना हातच लावला नव्हता. पाटाच्या मधोमध वाटीएवढी गोल जागा रिकामी होती. अक्षता सगळीकडे होत्या, तेवढ्या गोलात एकही नव्हती.

"त्या नटाचा पाना कुठाय?"

रामनाथनं भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्यांच्या रांगेत एकाच खिळ्यावर एक जाडजूड गोटी लटकत होती. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना. ही शेहेचाळीस नंबरची, रामनाथनं स्वतः लेथवर घडवलेली. बाकी सगळे खिळे रिकामे होते.

"ही पूजेत का नाही?"

"त्येच तर!" म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "पूजेला मांडायलाच इसरलो. काल बगितलं तर खिळ्यावर. जो मानूस सोताचं हत्यार पूजेला इसरतो, तो क्लिप इसरनार न्हाय तर काय?"

संजनानं गोटी काढून घेतली. आतबाहेर लख्ख पुसलेली होती आणि कडेला तांबूस गंज धरू लागला होता. पाटावरची हत्यारं मात्र तेलानं चमकत होती.

"खाडीची हवा हाय, ताई. पुसलं की लगेच तेलाचा हात फिरवतो. न्हायतर दोन दिसांत गंज." तो गोटीकडे बघत राहिला. "हिला त्येल लावायचं बी ऱ्हायलं वाटतं."

तेवढ्यात त्याची बायको इंदुबाई लिंबाचं सरबत घेऊन आली. दुसऱ्या हातात कुंकवाची करवंटी होती. सवाशीण दारी आली की कुंकू लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "बस गो जरा! किती फिरशील?" म्हणत तिनं संजनाच्या कपाळाला बोट लावलं. पेला घेताना तो हिंदकळला आणि सरबत पाटावरच्या फडक्यावर सांडलं. फडक्यावर पडलेलं कुंकू बघता बघता पिवळं झालं.

"अगो बाई! जाऊ दे," इंदुबाई म्हणाली. "माझ्या हातचं कुंकू हाय. हळदीत चुन्याची निवळी कालवून करते. आंबट लागलं का परत हळदीवर जातं. बाजारच्या पुडीचं न्हाय जात, त्यो निसता रंग."

"नवमीला दुकान बंद होतं?" संजनानं रामनाथला विचारलं.

"पूजेत दिवा तेवत असतो, शटर कसं लावनार? अर्धं उघडं व्हतं. आमी दुपारी आत जेवायला बसलेलो."

संजनानं सरबत उभ्यानंच संपवलं आणि स्कूटर सुरू केली.

---

इस्पितळात निकेतचा पाय वर टांगला होता. पंचविशीतला पोरगा, तोंडावर खरचटलेलं, तरी डोळ्यांत मिश्किलपणा शिल्लक होता.

"टायर बदलल्यावर गाडी किती चालवलीस?"

"मोरव्यातनं घरी, राईला. थोडंसंच अंतर हाय."

"काही वेगळं वाटलं?"

"तेव्हा न्हाय. दसऱ्याला सकाळी पूजा केली, बटन दाबलं, तर चालूच होईना. बघतो तर पहिल्या गिअरमध्ये! मी कायम न्यूट्रलमध्ये लावतो."

"नवमीला गाडी कुठे होती?"

"अंगनात. दुपारी आमी समदे देवळात होमाला. अंगनाला कसलं कुलूप?"

"पूजेचं कुंकू कुठलं?"

"कुंकू?" तो गोंधळला. "आईनं दुकानातनं पुडी आनलेली."

"तुझ्यावर कोण चिडलंय?"

"सूरजदादा, माझा चुलतभाऊ. खाडीकडचं शेत इकलं आनि मी ही गाडी घेतली, तवापासून बोलत न्हाय." मग तो हसला. "आनि जितेश चिडतो, पन ते निराळं. त्यानंच मला गाडी शिकवली. आईला मासे आनायला पन मी हीच नेतो ना, तर म्हनतो, राजाच्या घोड्यावर पाटी लादतोस. कालच्याला बी माझ्या मागंच व्हता. मागनं जोरजोरात हॉर्न मारत व्हता. मला वाटलं रेस लावतोय, मी अजून पिळली. मग काय झालं ते आठवत न्हाय. अ‍ॅम्ब्युलन्स त्यानंच बोलावली."

संजना दारापर्यंत गेली तेव्हा त्यानं हाक मारली. "ताई, रामनाथकाकांना काय करू नका. इसरले असतील तर इसरले."

सगळेच म्हाताऱ्याला माफ करायला निघाले होते. त्यानं काही केलं होतं का, हे मात्र कोणी विचारत नव्हतं, आणि याचा तिला राग आला.

---

सूरज पाटील राईच्या नाक्यावर रिक्षा पुसत होता. शशिकांतही तिथे येऊन संजनाला मिळाले होते.

"पोरगा पडला ते वाईट झालं," तो म्हणाला. "गाडी मोडली ते झाक झालं. आजोबांच्या शेताचं लाल खेळणं केलं त्यानं."

"नवमीला दुपारी कुठे होता?"

"देवळात. दोन तास ढोल माझ्या गळ्यात व्हता. गावाला विचार."

"मी बंदोबस्ताला तिथंच होतो," शशिकांत हळूच म्हणाले. "ढोल यानंच वाजवला, कानठळ्या बसल्या."

दोन वाजले होते.

जितेश इंद्रलोकमध्येच, संजनाच्या दोन इमारती पलीकडे राहायचा. पार्किंगमध्ये स्वतःच्या साध्या दीडशे सीसीच्या गाडीवर निळं फडकं फिरवत होता. नुकतीच धुतलेली गाडी तो पुसत होता, आणि बोलतानाही हात थांबत नव्हता.

"मॅडम, तुम्हाला त्या गाडीबद्दल काय सांगू? बाकीच्या गाड्यांत इंजिनाचे व्हॉल्व्ह स्प्रिंगनं बंद होतात. हिच्यात यंत्रच उघडतं आणि यंत्रच बंद करतं, त्यामुळे कितीही पिळा, श्वास चुकत नाही. क्लच कोरडा. उभी असताना डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते. लोकांना वाटतं, बिघडली. अरे, बिघडली नाही, बोलतेय ती! आणि मागचं चाक… एकाच बाजूनं धरलंय. दुसरी बाजू पूर्ण उघडी. रेसमध्ये एक नट काढला की चाक हातात, म्हणून तसं केलं. पण दिसतं काय! तुम्ही कधी नीट बघितलंय?"

"आता बघतेय. रामनाथकाकांकडे शेवटचं कधी गेला होतात?"

"गणपतीच्या आधी. नंतर जमलंच नाही."

"नवमीला दुपारी?"

"घरी होतो, झोपलो होतो. घरचे गावाला गेलेत."

"फडक्याला लाल काय लागलंय?"

"हे? कुंकू. काल माझ्या गाडीची पूजा केली ना." त्यानं फडकं घडी घालून मागच्या खिशात ठेवलं. "बोलायला वाईट वाटतं मॅडम, पण काकांचं वय झालंय. हात बघितलेत ना त्यांचे?"

"बघितले. चार वाजता मोरव्याला याल? चाकाची रचना मला रिपोर्टमध्ये नीट मांडायचीय. तुमच्याइतकी माहिती इथे कोणाला आहे?"

त्याचा चेहरा उजळला. "येतो की!"

तिथून निघताना संजना वडापावच्या गाडीपाशी थांबली. "भैया, आधा लिंबू मिलेगा?"

"वडे पे डालूं, मॅडम?"

"नहीं, नट पे."

तो बघतच राहिला. तिनं पिशवी उघडली, डागाच्या एका कडेला दोन थेंब पिळले आणि बराच वेळ बघत उभी राहिली. त्या दिवसभरात तेवढाच वेळ ती एका जागी उभी होती.

---

चार वाजता रामनाथ धुतलेला सदरा घालून बसला होता. पायाशी कापडी पिशवी होती. तीत टॉवेल, औषधाच्या गोळ्या आणि चष्म्याचं घर. चौकीवर किती दिवस ठेवतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून इंदुबाईनं भरून दिलेली. संजनानं नजर वळवली. शशिकांतही तिकडे बघेनात.

जितेश आला, काकांच्या पाया पडला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"मावशी," संजनानं सुरुवात केली, "नवमीच्या पूजेचं कुंकू कशात घेतलंत?"

"ह्या करवंटीत. नवीन वाटी मिळंना, म्हनून ह्यांची उचलली."

"कुठून?"

"बाकावरनं. पालथी पडलेली रिकामी."

रामनाथनं मान वर केली.

"काका, क्लिप लावायची राहिली असती तर ती करवंटीत असती. करवंटी पालथी होती. तुमचं काम पुरं झालं होतं. तुम्हाला आठवलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी करवंटीच देवाच्या कामाला गेली."

म्हाताऱ्यानं बायकोच्या हातातल्या करवंटीकडे बघितलं.

"तुम्ही गोटीही विसरला नव्हतात. पाटावर ती गोल जागा बघा. अक्षता टाकल्या तेव्हा तिथे काहीतरी गोल उभं होतं, नंतर ते उचललं गेलं. गोटी तिथे ठेवून बघा, शशिकांतभाऊ."

शशिकांतनी ठेवली. तसूभरही फरक पडला नाही.

"नवमीला तुम्ही जेवायला आत गेलात तेव्हा अर्ध्या शटरखालून कोणीतरी आला. त्यानं गोटी उचलली आणि राईला नेली. तिकडे सगळे देवळात होते. नट सोडवताना चाक फिरू नये म्हणून त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तशीच राहू दिली. क्लिप काढली, नट ढिला केला आणि गोटी परत आणली. घाईत ती ठेवली मात्र खिळ्यावर, कारण बारा महिने ती तिथेच बघायची सवय. म्हणजे या दुकानात वरचेवर येणारा माणूस. आणि ठेवण्याआधी त्यानं ती लख्ख पुसली. काका पुसतात तेव्हा तेल लावतात. यानं नुसतीच पुसली, म्हणून गंज चढला."

"पुसली कशाला?" शशिकांतनी विचारलं.

"कारण आत कुंकू होतं. गोटी पाटावर तोंड वर करून उभी होती, मावशींची चिमूट सरळ आत पडली. नट सोडवताना ते नटाच्या कोपऱ्यात भरलं. लाल गाडीवरचा लाल डाग, कोणाला संशय येणार?" तिनं नट बाकावर ठेवला. "निकेतच्या घरी पुडीचं कुंकू वापरलं. ते लिंबानं बदलत नाही. हे बघा."

तिनं उरलेलं लिंबू पिळलं. डाग हळदीसारखा पिवळा झाला.

इंदुबाईनं तोंडाला पदर लावला. "माझ्या हातचं!"

"जितेश," संजना म्हणाली, "तुम्ही गणपतीपासून इथे आला नाहीत. तुमच्या फडक्यावरचं कुंकू तुमच्या घरच्या पूजेचं आहे. मग त्यावर लिंबू पिळायला हरकत नाही ना?"

जितेशचा हात मागच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. शशिकांतनी फडकं काढून घेतलं. दोन थेंब पडले. निळ्या कापडावरचा लाल डाग पिवळा पडत गेला.

"मी अर्धाच ढिला केला होता," जितेश म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "वाटलं, दोन दिवसांत चाक डुलेल, तो घाबरेल, गाडी विकेल. अकरावीत होतो तेव्हापासून तिचं चित्र माझ्या कपाटाच्या दारावर आहे. आणि तो तिच्यावर मासे आणतो! शेपट्या लोंबत असतात टाकीवर!"

"मग हॉर्न का मारलात?"

"मागून दिसलं ना, चाक हलायला लागलं. थांब म्हणून मारत होतो. त्याला वाटलं, रेस…" तो खाली बसला. "तो अजून जोरात गेला."

"आणि काकांचं काय?" संजनाचा आवाज चढला. "दोन दिवस हा माणूस स्वतःच्या हातांना शिव्या देतोय. तुम्ही तोंड उघडलं नाहीत. वर मला म्हणालात, हात बघा."

जितेशनं किल्ल्यांचा जुडगा काढून पुढे केला. किल्ल्यांच्या मध्ये वाकवलेल्या तारेची एक चकचकीत क्लिप अडकवलेली होती.

"ओरिजिनल आहे," तो पुटपुटला. "फेकवेना."

रामनाथ उठला. त्यानं क्लिप दोन बोटांत धरून उजेडात फिरवली, नखानं तिचं टोक दाबून पाहिलं. बोटं अजून थरथरत होती, पण क्लिप सुटली नाही. मग त्यानं जितेशकडे बघितलं. "माझ्याकडं गाडी मागितली असतीस तर मी निकेतला सांगून तुला रोज फेरी मारायला दिली असती, येड्या," एवढंच तो म्हणाला.

शशिकांतनी क्लिप पाकिटात घातली आणि जितेशला घेऊन गेले. पाच वाजायला दहा मिनिटं होती. संजनानं रिपोर्टचा कागद बाकावर ठेवला आणि 'चूक कोणाची' या रकान्यात जितेशचं नाव लिहिलं.

इंदुबाईनं पिशवीतून गोळ्या काढून परत फळीवर ठेवल्या. रामनाथनं करवंटीतलं कुंकू देवापुढच्या वाटीत ओतलं, करवंटी धुतली, सदऱ्याला पुसली आणि बाकावर ठेवली. उताणी.

"पालथी नाही घालत?" संजनानं विचारलं.

"क्लिप पोलिसांकडं हाय. ती परत मिळंल, निकेतचा पाय बरा व्हईल, मग चाक बसवायचं हाय." त्यानं पाटावरून तेलाची बुधली उचलली आणि गंजलेली गोटी मांडीवर घेतली. "काम बाकी हाय अजून, ताई."

संजना स्टुलावर बसली आणि तो गोटीला तेल लावून होईपर्यंत बसून राहिली.